ॲटिकमधली बाळंतीण, दोन कंपन्या आणि आमचे नऊशे डॉलर

टोरंटोत नवीन घर घेतलेल्या मंडळींसाठी लिहितेय. दर एप्रिल-मेमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच की अहो छतात काहीतरी धावतंय, कोणाला बोलवायचं, आणि खाली पंचवीस जण पंचवीस नंबर टाकतात, त्यातले निम्मे उंदीर-झुरळंवाल्यांचे. आम्ही छतातलं जनावर काढणाऱ्या दोन कंपन्यांचा अनुभव घेतलाय, एक भयंकर, एक चांगली. नाव दोघांचंही टाकत नाही. पहिल्याचं टाकलं तर नसती भानगड आणि दुसऱ्याचं टाकलं तर म्हणाल कमिशन मिळतंय हिला. पण कंपनी कशी ओळखायची ते सांगते, त्याला एकच प्रश्न पुरतो.

तर झालं असं. आमचं घर ईस्ट यॉर्कला, जुनं, दीड मजली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास बेडरूमच्या वर धप्प, मग फरफट, मग शांत. नवरा म्हणाला खार असेल. खार रात्री झोपते हे त्याला मी सांगितलं. चिपळूणजवळच्या गावाहून सासूबाई सुपर व्हिसावर (आईवडिलांना जास्त दिवस राहता येतं तो) आलेल्या होत्या, त्या उठून आल्या, दोन मिनिटं वर कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, माळ्यावर कांडेचोर आलाय." आता कोकणातल्या घरात कौलांखाली कांडेचोर, म्हणजे उदमांजर, येणं नवीन नाही, पण कॅनडात कुठला कांडेचोर? मी म्हटलं आई, इथं रॅकून असतो, मांजरापेक्षा मोठं, डोळ्यांवर काळा पट्टा असलेलं करडं जनावर. त्या म्हणाल्या नाव काही असू दे, पाय जड पडतोय, पोटुशी नाहीतर बाळंतीण आहे. आणि तेच खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून पाहिलं तर जिथं खालचं छप्पर वरच्या भिंतीला टेकतं तिथला सॉफिटचा, म्हणजे छपराच्या कडेच्या खालच्या बाजूचा, ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून खाली ओढलेला, साधारण पेरूएवढं... नाही, नारळाएवढं भोक म्हणा. पांढऱ्या पत्र्यावर काळे हाताचे ठसे. हातच म्हणते मी, पंजा नाही, पाच लांब बोटं वेगवेगळी उमटलेली, लहान मुलाने चिखलाचे हात भिंतीला पुसावेत तशी. आणि भोकाच्या कडेला करड्या केसांचा पुंजका अडकलेला.

आधी ३११ ला, म्हणजे सिटीच्या हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी नीट सांगितलं की जनावर आजारी किंवा मेलेलं असेल तर सिटी येते, धडधाकट रॅकून घरात शिरला असेल तर तो घरमालकाचा विषय. ठीक आहे.

कंपनी नंबर एक (एक स्टार, शून्य देता आला असता तर तोही दिला नसता)

दोन तासांत माणूस हजर, हे त्याचं एकमेव कौतुक. शिडी लावली नाही, ॲटिकचं, म्हणजे माळ्याचं, झाकण उघडलं नाही, ड्राइव्हवेत उभं राहून वर बघितलं आणि म्हणाला पिंजरा लावतो, ४५० कॅश, पकडला की लांब गावाकडे शेताबितात नेऊन सोडतो, परत यायचा नाही, गॅरंटी. भोक आज रात्रीच ठोकून बंद करा हाही सल्ला दिला. वर नुसतं येण्याचे ८० डॉलर घेतले, पावती मागितली तर म्हणाला ईमेल करतो, ते ईमेल अजून येतंय.

नवरा ४५० ला तयार झाला होता. मला "लांब नेऊन सोडतो" हे ऐकायला छान वाटलं म्हणूनच जरा शंका आली, म्हणून रात्री वाचत बसले. तर ऑन्टारिओच्या वन्यजीव कायद्यात स्पष्ट आहे की पकडलेलं जनावर २४ तासांच्या आत आणि पकडलं तिथून १ किलोमीटरच्या आतच सोडायचं. म्हणजे तो "लांब गावाकडे" नेणार म्हणजे सरळसरळ कायदा मोडणार, किंवा नेणारच नाही आणि काय करणार ते आपल्याला कळणारही नाही. नियम किती गरजेचा आहे ते यातून कळतं, २०१५ च्या डिसेंबरात हॅमिल्टनला रॅकूनमध्ये रेबीज निघाला होता, त्यानंतर सरकारला लशीचं आमिष जागोजागी टाकावं लागलं, मग असं जनावर उचलून दुसऱ्या गावात टाकणं म्हणजे रोगाला राइड देणं. शिवाय टोरंटोत यांना डिस्टेंपर होतो, कुत्र्यांना होतो तोच रोग.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. एप्रिल-मे हा यांचा विण्याचा सीझन. आई पिंजऱ्यात गेली तर वर तीन-चार पिल्लं उपाशी मरणार, आपल्या डोक्यावर, इन्शुलेशनमध्ये, आणि मग तो वास. आणि रात्री भोक ठोकलं असतं, ती बाहेर चरायला गेलेली असताना, तर ती पिल्लांसाठी परत आली असती आणि छप्पर फाडून आत शिरली असती. ताकद आहे त्यांच्यात, सॉफिट काय चीज आहे. म्हणजे त्याने दिलेले दोन्ही सल्ले आमचंच घर खराब करायचे होते आणि दोन्हींचे पैसे त्यालाच मिळणार होते.

सासूबाईंना हे सगळं मराठीत सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाळंतिणीला घराबाहेर काढताय? सव्वा महिना होऊ दे की तिचा, मग जाईल आपली आपण." मी हसले तेव्हा. नंतर टोरंटो वाइल्डलाइफ सेंटरची माहिती वाचली तर त्यांचंही म्हणणं साधारण हेच, की जमत असेल तर थांबा, पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की आई त्यांना घेऊन बाहेर पडतेच. थांबायचं नसेल तर तिला ती जागा नकोशी करा, उजेड लावा, रेडिओ लावा, तिच्याकडे दुसऱ्या जागा असतात, ती स्वतः पिल्लं हलवेल. आम्ही ॲटिकच्या झाकणाजवळ बल्ब लावला आणि रेडिओवर हॉकीच्या गप्पांचं चॅनल फुल आवाजात. रात्रभर. रॅकूनला काही फरक पडला नाही, आम्हाला मात्र लीफ्सच्या, म्हणजे टोरंटोच्या हॉकी टीमच्या, डिफेन्सचं काय चुकतंय ते सगळं पाठ झालं. खरं तर हे दोनतीन रात्री नेटाने करायचं असतं, आम्ही एका रात्रीत हात टेकले, तो दोष आमचा.

कंपनी नंबर दोन (चार स्टार)

यांना फोनवरच विचारलं, "पकडून कुठे सोडता?" पलीकडची बाई म्हणाली, "कुठेच नाही, आम्ही पकडतच नाही." तिथंच बुक केलं. हाच तो प्रश्न. ज्याच्याकडे या प्रश्नाला एखाद्या गावाचं नाव उत्तर म्हणून आहे त्याला घरात घेऊ नका.

एक दिवस उशिरा आले, तो एक स्टार तिथं गेला. सकाळी आठ ते बारा सांगून दुसऱ्या दिवशी साडेतीनला. पण आलेली मुलगी, पंचविशीची असेल, कामात पक्की. आधी पूर्ण घराला बाहेरून चक्कर, छपरावर चढून एकेक व्हेंट (हवा जायचं भोक) हलवून बघितला, फोटो काढले, मग ओव्हरऑल आणि मास्क चढवून ॲटिकमध्ये. मी शिडीवर अर्धी उभी. आतून आधी घुर्रऽऽ असा आवाज आला, मांजरापेक्षा खालच्या पट्टीतला, मग पिल्लांचा, तो मात्र पक्ष्यांसारखा, मधेच तान्ह्या बाळासारखं किंचाळणं. आई भोकातून छपरावर निघून गेली आणि तिथं बसून राहिली, पळाली नाही.

बाथरूमच्या एक्झॉस्टच्या पाइपाला लागून, उबेला, गुलाबी इन्शुलेशन उपसून वाटीसारखा खळगा केलेला. चार पिल्लं. जाड हातमोज्यात एकेक उचलून तिने बाहेर आणली आणि मला दाखवली. डोळे अजून उघडलेले नाहीत म्हणजे तीन आठवड्यांच्या आतली, असं ती म्हणाली. पण चेहऱ्यावरचा तो काळा पट्टा आधीच आलेला, मिटलेल्या डोळ्यांवरून काजळ फासल्यासारखा, आणि शेपटीवर फिकट वळी. तळहात मात्र उघडे, काळपट गुलाबी, आणि सारखी बोटं उघडझाक करत होती, हवेत काहीतरी चाचपतायत अशी. ती मुलगी म्हणाली हाच यांचा डोळा, हाताने बघतात, आणि हात ओला झाला की स्पर्श अजून तल्लख होतो. पाण्यात अन्न धुतात म्हणून आपण त्यांना स्वच्छतेचं सर्टिफिकेट देतो, ते धूत नसतात, चाचपत असतात.

सासूबाई खालून: "नवरा कुठाय हिचा?" मी भाषांतर केलं. मुलगी हसली, म्हणाली नर काहीच करत नाहीत, सगळं आईच बघते. सासूबाईंना यात नवीन काही वाटलं नाही.

मग चारही पिल्लं एका खोक्यात, आत ऊब देणारं पॅड, आणि ते खोकं छपरावर भोकाच्या शेजारीच बसवलं. भोकाला एकतर्फी दार, स्प्रिंगचं, आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही, म्हणजे आत अजून कोणी राहिलंच असेल तर बाहेर पडेल पण परत शिरणार नाही. बाकीचे चारही व्हेंट जस्ताच्या जाड जाळीने झाकले, स्क्रू मारून. पैसे कसले दिले तर जाळीचे आणि दाराचे, हे मला तेव्हा नीट समजलं. आपण म्हणतो जनावर काढायला माणूस बोलावला. जनावर ते काढत नाहीत, ते घर बंद करतात आणि सामान उचलायचं काम तिच्यावर सोडतात.

त्या रात्री आम्ही तिघं वरच्या मागच्या खिडकीशी, दिवा घालवून. सव्वा वाजता आली. खोक्याचं झाकण हाताने बाजूला सारलं, बराच वेळ आत हात घालून बसली, मोजत असावी असं सासूबाईंचं म्हणणं, मग एकाला मानेला धरून उचललं आणि पागोळीच्या पाइपावरून खाली. डोकं खाली करून उतरली! मांजर वर चढतं आणि उतरताना बोंबलतं, ही मागचे पाय पूर्ण उलटे फिरवते आणि खारीसारखी सरळ खाली. पंचवीस मिनिटांनी परत. दुसरं. नवरा तिसऱ्याच्या आधीच झोपला. चौथ्याला चार वाजत आले होते आणि सगळं झाल्यावर ती परत एकदा आली, रिकाम्या खोक्यात हात घालून बघून गेली. ते बघून मला कसंतरीच झालं, दारावर तिने एकदा हात टेकवला, ओढून पाहिलं, आणि गेली.

बिल: ७९५ प्लस १३ टक्के एचएसटी (विक्रीकर), म्हणजे ८९८ आणि वर चिल्लर. स्वस्त नाही. खराब इन्शुलेशन काढून नवीन घालायचं कोटेशन वेगळं, ते ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. आम्ही फक्त तेवढाच कोपरा करून घेतला. इथं काटकसर करून स्वतः झाडू घेऊन वर जाऊ नका हे मात्र गंभीरपणे सांगते, हे लोक एका ठरावीक जागीच विष्ठा करतात आणि त्यात एका जंताची अंडी असू शकतात, बेलिसॅस्कॅरिस नाव, दोन ते चार आठवड्यांत ती अंडी धोक्याची होतात आणि माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत जातात. क्वचित होतं पण लहान मुलं असतील तर रिस्क नको. आमच्या घराच्या इन्शुरन्समध्ये यातलं काही बसत नाही असं उत्तर आलं. तुमचं तुम्ही आधीच बघून ठेवा.

आता हिरव्या डब्याचा पण रिव्ह्यू देऊन टाकते, विषय निघालाच आहे तर. साडेचार स्टार. सिटीने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे हे नवे ग्रीन बिन दिले, साधारण ३ कोटी १० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, त्या वेळचे मेयर जॉन टोरी यांनी तर ते आणताना युद्धावर निघाल्यासारखं भाषण केलं होतं. झाकणावर फिरवायची मूठ आहे, ती फिरवून लॉक होते. रॅकूनला पाच बोटं आहेत पण आपल्यासारखा समोर येणारा अंगठा नाही, त्यामुळे धरून फिरवणं जमत नाही, हा सगळा खेळ त्या अंगठ्यावर उभा आहे. ट्रकच्या हाताने डबा उलटा केला की लॉक आपोआप सुटतं. यॉर्क युनिव्हर्सिटीच्या सुझॅन मॅकडोनल्ड यांनी हे डबे रॅकूनांपुढे ठेवून टेस्ट केले होते. तरी २०१८ मध्ये इथल्या एका पत्रकार बाईंच्या घरामागे एका मादीने डबा आडवा पाडून मूठ फिरवून दाखवलीच, व्हिडिओ आहे. हुशारी म्हणजे काय हो.

आमचा डबा मात्र चार वर्षांत एकदाही हरलेला नाही. एकदा कचरा सांडला तो आमच्या चिरंजीवांनी मूठ फिरवलीच नाही म्हणून. आदल्या दिवशी सुरमई आणली होती. सकाळी ड्राइव्हवेवर बघावं तर डोकी, काटे, कोलंबीची सालं, सगळं चाटूनपुसून, केळीची सालं गेली, शिळी पोळी गेली, आणि कारल्याच्या बिया तेवढ्या एका बाजूला सारून ठेवलेल्या. अर्धा स्टार कमी याच्यासाठी की थंडीत मूठ गोठते आणि ग्लोव्ह्ज घालून आपल्यालाही फिरत नाही, तेव्हा आपण आणि रॅकून एकाच लायकीचे होतो. एक टीप, डबा आदल्या रात्री कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, ठेवू नका, सकाळी सातच्या आत ठेवला तरी चालतो.

डबे आले म्हणून रॅकून शहर सोडून गेले असं काही नाही. कुठं जातील? याच मॅकडोनल्ड बाईंनी शहरातल्या रॅकूनांना जीपीएसचे पट्टे बांधले होते, तर ते तीनेक ब्लॉकच्या बाहेर फारसे जातच नाहीत, मोठे रस्ते ओलांडायचं टाळतात. म्हणजे तुमच्या गल्लीतला रॅकून हा तुमच्या गल्लीतलाच असतो, त्याला तुमचा डबा, तुमचं छप्पर, तुम्ही लॉन कधी घातलं सगळं ठाऊक. (नवीन लॉन घातलं असेल तर खालच्या अळ्यांसाठी ते चटईसारखं गुंडाळून ठेवतात, आमच्या समोरच्यांकडे दोनदा झालं.)

आता तुम्ही विचाराल ती चार पिल्लं घेऊन गेली कुठे. एक किलोमीटरचा कायदा मी एवढा वाचून काढला, ती गेली तीस फूट. शेजारी इटालियन आजोबा आहेत, त्यांच्या टूल शेडखाली. हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं, सासूबाईंना आधीच कळलं होतं, त्यांनी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून त्या कुंपणाकडे का बघत असायच्या ते मग उलगडलं. मी विचारलं आई, बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याने अजून नऊशे दिले असते."

जुलैमध्ये सगळी वरात बाहेर पडायला लागली, ती पुढे आणि चार मागे, कुंपणाच्या वरच्या पट्टीवरून एका रांगेत, शेवटचं दरवेळी घसरायचं आणि लोंबकळत राहायचं. आजोबांच्या पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या कुंडीत आठ हात एकदम बुडायचे आणि तोंडं भलतीकडेच, आकाशाकडे, जसं काही हात दुसऱ्याचेच आहेत.

आजोबांना मी जाऊन सॉरी म्हटलं, की बिऱ्हाड आमच्याकडचं आहे. ते चाळीस वर्षं त्या घरात आहेत. त्यांना शेडचं काही नव्हतं, द्राक्षाच्या मांडवाची काळजी होती, म्हणे मी उद्या तोडू म्हणतो आणि हे आदल्या रात्री तोडतात, कसं कळतं देव जाणे. मी कंपनी नंबर दोनचा नंबर दिला. त्यांनी चष्मा लावून किंमत ऐकली, म्हणजे चष्मा लावला आणि मग ऐकली, आणि कागद परत माझ्या हातात दिला. त्या वर्षी त्यांनी द्राक्षं दोन दिवस आधी तोडली, जरा आंबट होती. आम्हाला एक टोपली पाठवली. सासूबाईंनी त्यातला एक घड काढून कुंपणाच्या पट्टीवर ठेवला, मी बघितलं, काही बोलले नाही. असं करू नका बरं का, रॅकूनला खायला घालू नये, ती माणसाला सोकावतात आणि मग दारच वाजवतात. पण सासूबाईंना सांगणार कोण.

जाळीची वॉरंटी आहे, कागद जपून ठेवलाय. या एप्रिलमध्ये परत एका रात्री धप्प झालं छपरावर, दोनचार पावलं, जाळीवर नखांचा आवाज, आणि मग पाइपावरून खाली.